जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सचा पहिला अल्बम फ्लॉप गेला होता का?

खपाच्या हिशोबाने हो, पण समीक्षकांनी झोडपला वगैरे अजिबात नाही. 'न्यू जॅझ कन्सेप्शन्स' १९५६ ला न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्ड झाला, रिव्हरसाइड लेबलसाठी, आणि गंमत म्हणजे गिटारवाल्या मंडेल लोने बिलची टेप लेबलच्या ऑरिन कीपन्यूजला चक्क फोनवरून ऐकवली होती, तिथून हे जुळलं. रिव्ह्यू चांगले आले पण पहिल्या वर्षात जेमतेम ८०० कॉप्या गेल्या, नुसत्या कौतुकाने पोट थोडीच भरतं! मला त्यात बड पॉवेल या दुसऱ्या जॅझ पियानोवादकाची छाप बरीच जाणवते, पण मधेच 'वॉल्ट्झ फॉर डेबी' येतं, एकटा पियानो, दीड मिनिटही नाही, तेवढ्यासाठी तरी ऐकाच. पुढचा अल्बम मात्र गड्याने दोन वर्षं लांबवला, का तर म्हणे नवीन सांगण्यासारखं काही नाही.