एएमएच ०.९ आलं म्हणून रात्र जागवू नकोस

अगं, तुझं लिहिलेलं वाचलं. वय ३२, दीड वर्षं मुलासाठी प्रयत्न, एएमएच (अंडाशयातल्या अंड्यांच्या साठ्याचं हार्मोन, रक्तातून तपासतात) ०.९, आणि रिपोर्ट बघून वहिनी म्हणाली आता थेट आयव्हीएफच (टेस्ट ट्यूब बेबी), म्हणून तू घाबरलीस, हो ना? मीपण यातून गेलेय, म्हणून जरा लांबलचक लिहितेय.

आधी रिपोर्टवर युनिट बघ. माझ्या पहिल्या रिपोर्टवर ७ होतं, मी म्हापशाहून डिचोलीपर्यंत कदंबाच्या बसमधे बसून खूश, नवऱ्याला मेसेजपण टाकला. डॉक्टरीणबाईंनी नुसतं आकड्यापुढे बोट ठेवलं, ते पिकोमोलमधे होतं, नॅनोग्रॅममधे आणायला ७.१४ ने भागायचं, म्हणजे जेमतेम १!

एएमएचवरून अंडी साधारण किती शिल्लक आहेत त्याचा अंदाज येतो, ती कशी आहेत ते नाही. इंजेक्शनं घेतली तर किती अंडी मिळतील हे बघायला डॉक्टरना त्याचा खरा उपयोग. दिवस राहणारच नाहीत असं त्या एका आकड्यावरून कोणी सांगत असेल तर ऐकू नकोस. पण दीड वर्षं प्रयत्न चाललेत ना, मग उगाच वेळही काढू नकोस. आणि गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच बंद केल्या असशील तर ते सांग, त्यानं एएमएच कमी दिसू शकतं. केसांसाठी बायोटिन घेत असशील तर तेपण, हार्मोनचे आकडे गडबडतात.

एफएसएचसाठी (अंडी वाढवायला लावणारं हार्मोन) रक्त पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच द्यायचं. मी चवथीच्या, गणपतीवर फळं टांगायच्या माटोळीच्या गडबडीत सातव्या दिवशी गेले, लॅबवाल्यानं विचारलंपण नाही, पैसे पाण्यात. सोबत इस्ट्राडिओल हे हार्मोनपण हवंच, कारण ते वाढलेलं असलं की एफएसएचला दाबून ठेवतं, मग रिपोर्ट नॉर्मल दिसतो आणि आपण निर्धास्त. त्याच दिवसांत सोनोग्राफीत छोटे फॉलिकल्स (अंड्यांच्या पिशव्या) मोजून घे, खालून करतात, लाज वाटते पण लघवी धरून बसायला लागत नाही हे काय कमी आहे.

टीएसएच (थायरॉइडची), प्रोलॅक्टिन (दुधाच्या हार्मोनची) या तपासण्या होतीलच. प्रोजेस्टेरॉन (अंडं बाहेर पडलं का ते बघायला) मात्र सगळ्यांना २१ व्या दिवशी लिहून देतात, ते २८ दिवसांच्या पाळीचं गणित. तुझी ३५ ची आहे म्हणतेस, मग पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी, म्हणजे २८ व्या दिवसाच्या आसपास.

आणि एवढं सगळं लिहिलंस, नवऱ्याची वीर्यतपासणी झाली का ते कुठेच नाही. आमच्याकडे माझ्या चार तपासण्या झाल्यावर त्यांचा नंबर लागला, तोपण मी भांडल्यावर. ती याच आठवड्यात उरकून घ्या.