उजवीकडे न दुखताही अपेंडिक्स फुटू शकतं का?

तुमच्या वडिलांचं वय ७६. ताप नाही, उजवीकडे दुखणं नाही, नुसतं चार दिवस फुगलेलं पोट आणि उलट्या. आतड्यात अडथळा म्हणून पोट उघडलं, तर फुटलेलं अपेंडिक्स निघालं. हे आधी कळायला हवं होतं का, असं तुम्ही विचारलंय.

सर्जरीत बरीच वर्षं काढल्यावर सांगतो, कळू शकतं, पण तपासणाऱ्याच्या डोक्यात ती शंका आधी यावी लागते. बेंबीभोवतीची कळ उजवीकडे खाली सरकणं, मळमळ, ताप हे तरुणांचं चित्र. म्हातारपणी पोटाचे स्नायू पातळ झालेले असतात, त्यामुळे आत पू असूनही पोट मऊ लागतं. पांढऱ्या पेशी वाढतीलच असं नाही. बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारी ब्लड प्रेशर-हृदयाची गोळी) चालू असेल तर नाडीही शांत. उलट अपेंडिक्सचा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो, म्हणून ते फुटतं लवकर. फुटल्यावर आतला दाब उतरून थोडा वेळ बरंही वाटतं, आणि घरचे निश्चिंत होतात.

मग तक्रार करतो तो शेजारचा अवयव. अपेंडिक्सचं टोक मोठ्या आतड्याच्या मागे असेल तर पू कमरेच्या स्नायूवर उतरतो, माणूस लंगडतो, मांडी सरळ करू देत नाही आणि हाडांच्या डॉक्टरकडे जातो. टोक खाली ओटीपोटात असेल तर जुलाब, किंवा लघवीला जळजळ. लघवीत पूपेशी सापडल्या म्हणून आठवडाभर नुसत्या युरिन इन्फेक्शनचे उपचार झालेल्या एक आजी मला अजून आठवतात. तुमच्या वडिलांच्या बाबतीत बहुधा लहान आतड्याची वेटोळी त्या पुवाभोवती चिकटली. कधी अपेंडिक्स हर्नियातच शिरलेलं असतं. नोंद असलेली पहिली अपेंडिक्सची शस्त्रक्रिया, लंडनमध्ये १७३५ साली क्लॉडियस अमयांड यांनी केलेली, अशाच हर्नियाची होती; रुग्ण मात्र ११ वर्षांचा मुलगा! आणि काही वृद्ध तर फक्त बरळायला लागतात.

पूर्वी पोटाचं ऑपरेशन नाही, हर्निया नाही, तरी आतडं अडलंय, अशा वृद्धाचा सीटी स्कॅन लवकर व्हावा. सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलं नाही याचा अर्थ ते ठीक आहे असा होत नाही. क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्तचाचणी) थोडं वाढलंय म्हणून कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनसाठी शिरेतून देतात ते औषध, द्यावं की नाही यात दिवस घालवणं मला पटत नाही.

आता दोन गोष्टी बघा. काढलेल्या अपेंडिक्सचा बायोप्सी रिपोर्ट हातात घ्या आणि कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) कधी करायची ते सर्जनना विचारा; या वयात अपेंडिक्सच्या तोंडाशी असलेली कॅन्सरची गाठसुद्धा असाच त्रास देते. आणि येत्या काही दिवसांत पुन्हा ताप आला, पोट फुगलं किंवा वारंवार शौचाची भावना होऊन नुसती आव पडली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. ओटीपोटात पू साठल्याची ती खूण असू शकते.