‘मला माहीत असतं तर गेले नसते’: गरोदरपणाचे पहिले आठवडे आणि कायरोप्रॅक्टर

गेल्या काही वर्षांत एक काळजी माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते. सांगणारी दर वेळी वेगळी, पण बोलणं जवळपास तेच: “दिवस गेलेत हे कळायच्या आधी मी कायरोप्रॅक्टरकडे जाऊन आले. बाळाला काही झालं असेल का?” या बहुतेक जणी दिवसभर लॅपटॉपपुढे बसणाऱ्या, कंबर धरलेल्या मुली. कायरोप्रॅक्टर म्हणजे हाताने दाब किंवा झटका देऊन पाठीच्या कण्यावर उपचार करणारा. मोबाइलवर कडकड आवाज येतो, टेबलावरचा माणूस हसत उठतो, ते बघून यांनीही अपॉइंटमेंट घेतलेली असते. आमच्या आज्या उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेत, नाहीतर हाडवैद्याकडे जात. कंबर दुखली की कुणाच्या तरी हाताखाली जाणं आपल्याकडे नवं नाही. भीती मात्र नव्याने वाढली आहे. म्हणून मृण्मयीची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.

मृण्मयी एकतीस वर्षांची, हिंजवडीत नोकरीला. आली तेव्हा आठवा आठवडा चालू होता. बसल्या बसल्या तिने मोबाइलमधलं कॅलेंडर माझ्यापुढे धरलं. पाळीच्या तारखेवर लाल ठिपका, कायरोप्रॅक्टरकडे गेली त्या दिवसावर निळा. मधले दिवस ती बोटाने मोजत राहिली आणि शेवटच्या दिवसाशी आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तो निळा ठिपका पाचव्या आठवड्यात पडत होता.

मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलणं झालंय का, हे पहिलं विचारलं. झालं होतं, तेही दोनदा. त्यांनी तिला नीट समजावलं होतं. त्या आठवड्यांत गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आत, सुरक्षित जागी असतं आणि गर्भ जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढा असतो. पाठीवर दिलेल्या दाबाने गर्भपात होतो असा पुरावा नाही. या विषयावरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत, हेही त्यांनी लपवलं नव्हतं. सोनोग्राफीत ठोके दिसले होते.

“डॉक्टरांचं ऐकून बरं वाटलं?”

“हो. संध्याकाळपर्यंत.”

“संध्याकाळी काय झालं?”

“वाटलं, ‘सहसा काही होत नाही’ म्हणाल्या. सहसा का म्हणाल्या?”

मग तिने बहिणीला विचारलं, मैत्रिणीला विचारलं, त्या कायरोप्रॅक्टरलाच फोन केला, रात्री दोन वाजता मोबाइलवर शोधलं. प्रत्येक उत्तर काही तास पुरलं. आता तिला तेच माझ्याकडून ऐकायचं होतं. “मॅडम, तुम्ही एकदा सांगा ना, काही होणार नाही.”

मी ते सांगितलं नाही. माझी जडणघडण अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर झाली आहे; इच्छा असणं वेगळं आणि तिचा हट्ट होणं वेगळं, असं ते सांगत, आणि इतक्या वर्षांच्या कामात तो विचार मला पुन्हा पुन्हा खरा वाटत आला आहे. बाळाला काही होऊ नये, ही आईची इच्छा आहे आणि ती असायलाच हवी. पण ‘काही होणारच नाही याची हमी मला मिळालीच पाहिजे’ हा हट्ट आहे. जिने आयुष्यात कुठल्या टेबलावर पाठ टेकवली नाही, तिलाही ती हमी कुणी देऊ शकत नाही. मी तिला एवढंच सांगितलं, की लक्षात आलेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी साधारण 10 ते 20 टिकत नाहीत. त्यातल्या बहुतेक पहिल्या 12 आठवड्यांतच संपतात आणि निम्म्याहून अधिक वेळा कारण गुणसूत्रांमधल्या दोषाचं असतं. त्याला ना आईचं उठणं-बसणं कारण असतं, ना तिचं खाणं.

हे ऐकून ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मागच्या वेळी हे कुणीच सांगितलं नाही.”

मागची वेळ तिने मला तोवर सांगितलीच नव्हती. दोन वर्षांपूर्वी नवव्या आठवड्यात गर्भ गेला होता. घरी भेटायला आलेल्या मामेसासूबाईंनी दारातच विचारलं होतं, “स्कूटर चालवत होतीस ना?”

“आता त्या दिवसाचा विचार आला की कुणाचा आवाज ऐकू येतो?”

“मामींचा.”

“काय म्हणतात?”

“‘तुला कोणी सांगितलं होतं तिकडे जायला?’” आणि मग, बऱ्याच वेळाने, “म्हणजे मी रोज त्याचंच उत्तर तयार करतेय का? काही झालंच, तर द्यायला?”

अशा क्षणी मी एक शब्द बोलत नाही. माणसाने स्वतःचं वाक्य स्वतःच्या कानांनी पुरतं ऐकावं, यासाठी जागा करून देणं हेच माझ्या कामातलं मुख्य कसब आहे, असं मी मानते. ती रडली. रडणं ओसरल्यावर मी तिला तिचंच एक वाक्य परत दिलं. पहिल्या भेटीपासून ती ते गुन्हा कबूल केल्यासारखं म्हणत होती: “मला माहीत असतं तर गेले नसते.” मी म्हटलं, “हे आज एकदा सावकाश म्हण. यात तुझी चूक कुठे आहे, ते मला दाखव.” तिने दोनदा म्हटलं. चूक सापडली नाही. त्या दिवशी जाताना कॅलेंडर उघडलं नाही.

मृण्मयीचं बाळ ठणठणीत आहे. पण तो गर्भ टिकला नसता तरी ती दोषी ठरली नसती, आणि मी तिच्याशी हेच बोलले असते.

या काळजीत मला नेहमी दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतात. ‘जे झालं त्याने इजा झाली असेल का’ हा एक आणि ‘आता पुढे जाऊ का’ हा दुसरा. पहिल्यात करण्यासारखं काही उरलेलं नसतं, डॉक्टरांना सांगितलं की तो संपतो. दुसरा खरा निर्णय आहे आणि तो शांत डोक्याने घेता येतो. भीती पहिल्याला धरून बसते आणि दुसऱ्यासाठी ताकद उरत नाही. मृण्मयीची कंबर तर दुखतच होती.

कायरोप्रॅक्टिक 1895 साली अमेरिकेत, आयोवातल्या डॅव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी सुरू केलं. तिकडे प्रत्येक राज्यात परवाना लागतो आणि बऱ्याच गरोदर स्त्रिया हे उपचार घेतात. आपल्याकडे अशी नोंदणी करणारी स्वतंत्र सरकारी परिषद नाही, त्यामुळे समोरचा कुठे आणि किती शिकलाय हे आपणच विचारायचं. जायचं ठरवलंत तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा आणि टेबलावर झोपण्याआधी ‘मी गरोदर आहे’ हे स्पष्ट सांगा. ‘आधी एक्स-रे काढू’ म्हटलं तर थांबा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू नका. पोटावर दाब नको. मानेला झटका तर मुळीच नको: त्यातून मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. क्वचित घडतं, पण ज्याच्याशिवाय चालतं त्यासाठी तो धोका कशाला घ्यायचा? शिवाय गरोदरपणात रिलॅक्सिन या संप्रेरकामुळे सांध्यांचे बंध सैल होतात, म्हणून जोर लावणाऱ्याला तुमची अवस्था माहीत असायलाच हवी.

मृण्मयीने पहिले तीन महिने न जाण्याचं ठरवलं. घाबरून नाही, सोपा पर्याय हाताशी होता म्हणून. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती फिजिओथेरपिस्टकडे गेली, कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्यायला लागली, दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठायला लागली. घरात आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकच्या गोळ्या पडलेल्या असतात, त्या मनाने घेऊ नका, कंबर कितीही दुखली तरी.

आणि हे मात्र नीट वाचा. कंबरदुखीबरोबर रक्तस्राव, पोटात कळा, पोटाच्या एकाच बाजूला किंवा खांद्याच्या टोकाला तीव्र दुखणं, चक्कर, ताप, लघवीला जळजळ, पायांत बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा जाणं, यांपैकी काहीही झालं तर कायरोप्रॅक्टरकडे नाही, माझ्याकडेही नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रात्र असेल तर रात्री जा. सोबत कुणी नसेल तर शेजारच्या काकूंना उठवा.