पुण्याचं पाणी आणि पुढचे केस

त्वचा आणि केस : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझं वय २४. मूळ गाव माण तालुक्यात. सध्या नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करतोय. पुण्यात आल्यापासून केस जायला लागले. आधी कपाळाचे दोन्ही कोपरे मागे गेले, आता टाळूवरची कातडीही दिसते. अभ्यासिकेत माझ्या बरोबर डोक्यावर ट्यूबलाइट आहे. मागच्या पोरानं एकदा फोटो काढून दाखवला, तेव्हा कळलं. वडलांना पस्तिशीत टक्कल पडलं, पण मामांचे केस अजून दाट आहेत, आणि केस मामावर जातात असं आई म्हणते. गावी गेलो की गळणं कमी वाटतं, म्हणून मला इथल्या टँकरच्या पाण्याचा संशय आहे. कांद्याचा रस लावून पाहिला (रूममेटनी बंद पाडला), बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत. मेडिकलवाल्यानं मिनॉक्सिडिल दिलं होतं. महिनाभर लावलं तर केस जास्तच गळायला लागले, म्हणून सोडून दिलं. एका क्लिनिकमध्ये ‘रक्तातून केस’ असं काहीतरी पॅकेज सांगितलं, ६०,००० रुपये, हप्त्यानं भरा म्हणाले. गोळीही असते असं मित्र सांगतो, पण ती घेतली की ‘लग्नानंतर प्रॉब्लेम’ येतो म्हणे. लग्नाआधी ट्रान्सप्लांट करून टाकावं का? वडील पैसे द्यायला तयार आहेत, पण ते कुठून आणतील ते मला माहीत आहे.
— एक वाचक, नवी पेठ

उत्तर : तुला ‘तू’च म्हणते, माझ्या धाकट्या मुलाहून लहान आहेस. पत्र छान लिहिलंयस. बहुतेक लोक ‘केस गळतात, उपाय सांगा’ एवढंच लिहितात आणि मग मी काय कपाळ सांगणार.

आधी पाण्याचं बघू. टँकरचं, बोअरचं पाणी जड असतं. त्यानं केस राठ होतात, साबणाचा फेस होत नाही, काही केस मधूनच तुटतात. पण तेच पाणी तू मानेवरच्या केसांवरही ओततोस ना? तिथले केस शाबूत, कानावरचे शाबूत, आणि फक्त कोपरे आणि टाळू विरळ. पाण्याला एवढी निवड करता येत नाही. बाहेरच्या कारणानं केस जातात तेव्हा चित्र कसं दिसतं, ते जानेवारी २०२५मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात सगळ्यांनी पाहिलं. बायका, मुलं, म्हातारे, सगळ्यांचेच केस काही दिवसांत हातात यायला लागले. तिथेही पहिला संशय पाण्यावरच गेला होता; पुढे तपासण्यांमध्ये सेलेनियमचं प्रमाण जास्त आढळलं आणि बोट रेशनच्या गव्हाकडे वळलं. तुझं तसं नाही. गावी गळणं कमी वाटतं, कारण तिथे तू उशीवरचे केस मोजत बसत नाहीस.

तू वर्णन केलंयस ते पुरुषी पद्धतीचं टक्कल आहे, असं मी पत्रावरून नव्वद टक्के म्हणेन. उरलेले दहा टक्के डोकं बघितल्यावर. त्याचं मूळ असं : टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. ज्यांच्या पुढच्या आणि टाळूवरच्या केसांची मुळं त्याला जन्मतःच हळवी असतात, त्यांचा प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड उगवतो. शेवटी नुसती लव उरते. म्हणजे केस ‘गळून’ संपत नाहीत, बारीक होत होत संपतात. म्हणून उशीवर किती पडले याला फारसा अर्थ नाही. रोज ५० ते १०० केस तर कुणाचेही पडतात.

हे कळलं कसं, तेही ऐक, म्हणजे कांदा का चालत नाही ते आपोआप कळेल. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञानं १९४२मध्ये दाखवलं, की वयात येण्याआधीच वृषणं काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. पण त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं, तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस जायला लागतात. पुढे १९७०च्या दशकात डॉमिनिकन रिपब्लिकमधली काही कुटुंबं संशोधकांच्या नजरेत आली. त्यांतल्या काही पुरुषांमध्ये डीएचटी बनवणारं एन्झाइम जन्मतः अपुरं होतं. त्या पुरुषांचे केस मोठेपणीही टिकून होते आणि प्रोस्टेट ग्रंथी लहानच राहिली होती. ते एन्झाइम औषधानं अडवता येईल का, या विचारातून तुझ्या मित्राची ‘ती गोळी’ निघाली. मुद्दा असा, की सगळा कारभार आतून चालतो. तेल लाव, मला तेलाचं वावडं नाही, आजीनं डोकं चोळून दिलं तर झोपही छान लागते. केस मात्र त्यानं थांबणार नाहीत.

मामांचं म्हणशील तर तुझ्या आईचं अर्धं खरं आहे. यातलं एक महत्त्वाचं जनुक आईकडूनच येतं. पण बाकीची ढीगभर जनुकं दोन्हीकडून येतात, त्यामुळे दाट केसांचा मामा हा काही विमा नव्हे.

आता औषधं. खात्रीनं सांगावीत अशी दोनच आहेत, आणि दोन्ही आहेत ते *टिकवण्यासाठी*. हे आधी डोक्यात पक्कं बसव. गुळगुळीत झालेल्या जागी जंगल उगवत नाही. जिथे बारीक केस अजून शिल्लक आहेत तिथे ते जाड होतात, आणि पुढची पडझड मंदावते. म्हणून तुझ्या वयात प्रश्न ‘किती येतील’ असा नसतो. ‘किती वाचवायचेत आणि किती वर्षं औषध घ्यायची तयारी आहे’ असा असतो. औषध बंद केलं की साधारण वर्षभरात कमावलेलं निघून जातं. हे पहिल्या भेटीत न सांगणाऱ्या माणसाकडून पॅकेज घेऊ नये.

मिनॉक्सिडिल तू नेमकं चुकीच्या वेळी सोडलंस. हे मुळात रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, तेव्हा डोक्यावर लावायची कल्पना निघाली, आणि १९८८मध्ये अमेरिकेत त्याला केसांसाठी मान्यता मिळाली. लावायला सुरुवात केल्यावर पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत गळती वाढते, कारण विश्रांती घेत असलेले जुने केस नव्या केसांना जागा देऊन पडतात. औषध लागू पडत असल्याची ती खूण असते. मेडिकलवाल्यानं हे एक वाक्य सांगितलं असतं, तर तुझी बाटली वाया गेली नसती. पुरुषांसाठी ५ टक्क्यांचं, एका वेळी १ मिलिलिटर, दिवसातून दोनदा, कोरड्या कातडीवर. केसांना चोपडायचं नाही. नंतर चार तास डोकं भिजवायचं नाही. खाज सुटली तर फोमचा प्रकार मिळतो. चार ते सहा महिने झाल्याशिवाय निकाल लावायचा नाही. आणि खोलीवर मांजर येत असेल तर तिला तुझ्या डोक्याशी, उशीशी लगट करू देऊ नकोस. मांजरांसाठी हे विष आहे, अगदी थोडंसुद्धा.

दुसरं औषध फिनास्टेराइड, रोज १ मिलिग्रॅम. केसांसाठी अमेरिकेत १९९७मध्ये मान्य झालं. दोन वर्षं घेणाऱ्यांपैकी ८३ टक्क्यांचे केस मोजणीत टिकले किंवा वाढले. तुलनेसाठी औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्के होतं. माझ्या मते दोन्हींत हे जास्त गुणी औषध आहे. आता मित्राच्या ‘प्रॉब्लेम’चं बोलू. तू ते अवतरणचिन्हांत लिहिलंस, मी उघड लिहिते. इच्छा कमी होणं, ताठरता कमी येणं, वीर्य कमी येणं असे त्रास होऊ शकतात. मूळ चाचण्यांमध्ये गोळी घेणाऱ्या १०० पैकी साधारण चौघांनी अशी काहीतरी तक्रार केली, आणि खोटी गोळी घेणाऱ्यांतही दोघांनी केली. बहुतेकांचं गोळी बंद केल्यावर पूर्ववत होतं. काहींनी मात्र नंतरही त्रास राहिल्याचं कळवलंय, आणि २०१२पासून अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात तसं नमूद आहे. तेव्हा ‘काही होत नाही हो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस, आणि ‘नपुंसक होशील’ म्हणणाऱ्यावरही नाही.

तुझ्यासाठी याहून महत्त्वाची दुसरी गोष्ट आहे. मे २०२५मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं निश्चित केलं. प्रमाण नेमकं किती, ते कळलेलं नाही. पण नवी पेठेतल्या खोल्यांमध्ये निकालाच्या दिवशी काय वातावरण असतं, ते मला माहीत आहे. माझ्या दवाखान्यात तिथली मुलं येतात. याआधी कधी मन फार खचलं असेल, औषधं घेतली असतील, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ही गोळी सुरू करायची नाही. घेताना उदास वाटायला लागलं तर गोळी थांबवायची आणि लगेच डॉक्टरांना गाठायचं. तेव्हा केसांचा विचार करायचा नाही. गोळी चालू असताना गणपतीतल्या रक्तदान शिबिरात रक्त देऊ नकोस. ते गरोदर बाईला चढलं तर पोटातल्या मुलग्याला धोका असतो. मेडिकलमधून परस्पर आणून ही गोळी घ्यायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

त्या ६०,०००च्या पॅकेजबद्दल. हे पीआरपी असणार : तुझंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला प्लेटलेटचा भाग डोक्यात टोचतात. काहींना थोडा फायदा होतो. पण करण्याची पद्धत जागोजाग वेगळी, त्यामुळे निकालही तसेच. ज्यानं मूळ औषधच सुरू केलेलं नाही त्याला आधी हे विकणं मला पटत नाही. वडलांना त्यासाठी एक रुपया मागू नकोस. दोन्ही औषधं मिळून महिन्याचा खर्च कंपनीनुसार हजाराच्या आसपास जातो, जेनेरिक घेतलंस तर आणखी कमी. डॉक्टरांच्या फीची काळजी असेल तर ससूनच्या त्वचारोग विभागात केसपेपर काढ. गर्दीला कंटाळू नकोस, अभ्यासाचं पुस्तक बरोबर ने.

ट्रान्सप्लांट आत्ता नाही. मागच्या केसांची मुळं उपटून पुढे लावतात, आणि मागचा साठा जन्माला एकदाच मिळतो. चोविसाव्या वर्षी कोपरे भरून घेतलेस आणि टाळूवरची गळती चालूच राहिली, तर तिशीत पुढे केसांचं बेट आणि त्यामागे टाळूवर रिकामी जागा. ते बुजवायला साठा उरलेला नसतो. आधी वर्षभर औषध, गळती स्थिरावली की मग विचार. आणि करायचंच ठरलं तर करणारा त्वचारोगतज्ज्ञ आहे की प्लास्टिक सर्जन, हे नोंदणी क्रमांकासह विचार. राष्ट्रीय वैद्यक आयोगाला सप्टेंबर २०२२मध्ये मार्गदर्शक सूचना काढून सांगावं लागलं, की यूट्यूब बघून ही शस्त्रक्रिया शिकता येत नाही. यावरून बाजार कसा आहे ते ओळख.

बायोटिन बंद कर. त्याची कमतरता फार क्वचित असते, आणि या गोळ्यांमुळे थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. मेसचं जेवण जेवतोस म्हणून हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि थायरॉइड एवढं एकदा बघून घे. या तपासणीसाठी रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बायोटिन पोटात नको.

शेवटी एक पर्याय, जो कुठलंच क्लिनिक सांगणार नाही : काहीच न करणं. ट्रिमर एक नंबरवर लावायचा आणि मोकळं व्हायचं. हा उपचार न परवडणाऱ्यांचा मार्ग आहे असं समजू नकोस. माझ्या ओळखीतल्या दोन त्वचारोगतज्ज्ञांनी स्वतःसाठी हाच निवडला आहे. आणि मुलीकडचे विचारतात ते नोकरीचं. नवी पेठेत राहून हे मी तुला सांगायला नको.

प्रश्न : मुलगा २२ वर्षांचा, हिंजवडीत नोकरी. रोज कोथरूडहून दुचाकीनं जातो. हेल्मेटनं केस जातात म्हणून घालत नाही. खरं आहे का?
— एक वडील, कोथरूड

उत्तर : नाही. टक्कल पडायचं असेल तर हेल्मेट घातलं काय, न घातलं काय, पडणारच. घामानं कोंडा वाढू शकतो. त्यासाठी आत सुती रुमाल बांधावा, अस्तर धुवावं आणि दुसऱ्याचं हेल्मेट घालू नये. पुणेकरांनी हेल्मेट टाळण्यासाठी शोधलेल्या कारणांत हे त्यातल्या त्यात बरं कारण आहे, एवढंच म्हणते. चावी काढून घ्या.

प्रश्न : ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला होता. आता ऑक्टोबरच्या शेवटी डोक्यावरून हात फिरवला तरी केस हातात येतात, सगळीकडून. वय २१. मला टक्कल पडणार का?
— एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असं होतं, तारखा तंतोतंत जुळतात. आजारात बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि नंतर एकदम पडतात. मुळं जिवंत असतात. बहुतेकांची गळती सहा महिन्यांत थांबते. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे आरशात फरक दिसायला आणखी वेळ लागेल. पोटभर जेवा, डाळ-अंडी खा. सहा महिन्यांनंतरही थांबलं नाही, किंवा फक्त पुढून आणि टाळूवरूनच विरळ दिसायला लागलं, तर दाखवा.

प्रश्न : दाढीत रुपयाएवढी चाई पडली आहे. वय २७. कुणी लसूण घासायला सांगतं.
— एक वाचक, हडपसर

उत्तर : लसूण घासून कातडी भाजून घेतलेली माणसं माझ्याकडे येतात, मग आधी भाजल्याचा इलाज करावा लागतो. चाई हा वेगळा आजार आहे, यात शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर चाल करते. छोट्या चाईत अनेकदा केस आपोआप परततात. लवकर हवे असतील तर त्वचारोगतज्ज्ञ त्या जागेत स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं देतात, साधारण दर चार ते सहा आठवड्यांनी. नवे केस आधी पांढरे आले तर घाबरू नका, पुढे बहुधा काळे होतात. पण चट्टे वाढत असतील, भुवईत किंवा डोक्यात नवे दिसत असतील, तर थांबू नका.