आइंडहोवनला येण्यापूर्वी : मुलीच्या गणित-विज्ञानाविषयी

आपण दोन प्रश्न विचारले आहेत : नेदरलँड्समधील आइंडहोवन परिसरातील नोकरी स्वीकारली तर अकरा वर्षांच्या मुलीचे गणित आणि विज्ञान मागे पडेल काय, आणि येथील उद्योग व शाळा यांच्या सहकार्याबद्दल जे बोलले जाते त्यात तथ्य किती. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून आहे.

हे सहकार्य हौसेतून नव्हे, गरजेतून जन्मले. 1990 नंतर फिलिप्सने मोठी नोकरकपात केली आणि 1993 मध्ये डाफ हा ट्रक बनवणारा कारखाना दिवाळखोरीत गेला, तेव्हा या दोन उद्योगांवर पोसलेला सारा भाग हादरला. महापौर, व्यापारी मंडळ आणि तंत्रविद्यापीठ यांचे प्रमुख एकत्र बसले, 21 नगरपालिकांनी सामायिक निधी उभारला आणि त्या प्रयत्नांतूनच पुढे ब्रेनपोर्ट ही प्रादेशिक आघाडी आकारास आली. आज शेजारच्या वेल्डहोवनमधील, संगणकीय चिप बनवण्याची यंत्रे तयार करणारी एएसएमएल ही कंपनी आणि तिचे पुरवठादार यांना कुशल माणसे पुरत नाहीत. म्हणूनच 2024 मध्ये डच सरकारने या परिसरासाठी जाहीर केलेल्या सुमारे अडीच अब्ज युरोंमध्ये रस्ते आणि घरांबरोबर तांत्रिक शिक्षणाचाही वाटा आहे.

शाळेत याचा प्रत्यय कसा येतो? काही माध्यमिक शाळांत ‘संशोधन व रचना’ असा स्वतंत्र विषय असतो. त्यात एखादी कंपनी किंवा नगरपालिका स्वतःचा खरा प्रश्न मुलांपुढे ठेवते आणि मुले गटाने कित्येक आठवडे त्यावर काम करतात. माझ्या मुलाच्या गटाकडे पावसाचे पाणी साठवण्याचा प्रश्न आला होता. सादरीकरणाला आलेल्या अभियंत्याने सुबक चित्रांकडे फारसे पाहिले नाही. टाकीच्या आकारमानाचा आकडा कोठून आला, एवढेच तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला, आणि मुलांना छताच्या क्षेत्रफळापासून सगळे गणित फळ्यावर मांडावे लागले. पाठांतराने हे साधत नाही, आणि मला या व्यवस्थेचे सर्वांत मोल वाटते ते इथेच.

तरीही केवळ गुणगान करणे अन्यायाचे ठरेल. पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांसाठीच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत नेदरलँड्सचे गणिताचे सरासरी गुण 2018 मधील 519 वरून 2022 मध्ये 493 वर घसरले. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या 472 या सरासरीपेक्षा ते वर असले तरी घसरण मोठी आहे. गणित आणि भौतिकशास्त्राच्या शिक्षकांची टंचाईही आहे, आणि त्यावर उपाय म्हणून आठवड्यातील काही वेळ शाळेत शिकवणारे अभियंते तयार केले जात आहेत. आपल्या पत्नी भौतिकशास्त्र शिकवतात असे आपण लिहिले आहे. त्यांना येथे संधी नक्की आहे, मात्र पदवीची मान्यता मिळवावी लागेल आणि वर्ग सांभाळण्याइतकी डच भाषा शिकावी लागेल.

मुलीच्या बाबतीत खरी अडचण गणिताची नाही, भाषेची आहे. येथे बाराव्या वर्षाच्या सुमारास मुलांची वाट ठरते : व्यावसायिक शिक्षणाकडे नेणारी व्हीएमबीओ, उपयोजित उच्चशिक्षणाकडे नेणारी हाव्हो आणि विद्यापीठाकडे नेणारी व्हीडब्ल्यूओ. हा निर्णय मुख्यतः प्राथमिक शिक्षकांच्या शिफारशीवर होतो आणि डच न येणाऱ्या हुशार मुलीची पारख त्यात कमी होण्याचा धोका असतो. बारा पूर्ण झाल्यावर आलात, तर बहुधा आधी नवागतांच्या भाषावर्गात जावे लागेल. म्हणून तारीख ठरण्याची वाट न पाहता तिचे डच आजच सुरू करावे. खालची वाट मिळाली तरी पुढे वर सरकता येते, पण त्यात वर्षे जातात. नंतर विषय निवडताना तिला अभियांत्रिकीकडे जायचे असेल, तर ‘गणित ब’ हा गणिताचा अधिक कठीण पर्याय आणि भौतिकशास्त्र सोडू देऊ नये. तंत्रविद्यापीठाच्या बहुतेक अभियांत्रिकी अभ्यासक्रमांच्या प्रवेशाला हे दोन्ही लागतात.

शाळा पाहायला जाल तेव्हा प्रयोगशाळेच्या झगमगाटावर जाऊ नका. गणिताच्या शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, तासिका बुडतात का आणि कंपन्यांनी गेल्या वर्षी नेमके कोणते काम दिले होते, हे तीन प्रश्न मुख्याध्यापकांना स्पष्टपणे विचारा.