रोबोला हात धरून शिकवता येतं, तर प्रोग्रामिंग कशाला शिकायचं?

पत्र: मी बावीस वर्षं वेल्डर आहे. मुलगी मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला रोबो प्रोग्रामिंगचा सहा महिन्यांचा कोर्स करायचा आहे, पण फी आमच्या आवाक्याच्या जरा बाहेरची आहे. मध्यंतरी आमच्या कारखान्यात वेल्डिंगचा रोबो दाखवायला आणला होता. माणसाने त्याचा हात धरून वेल्डिंगची टॉर्च (टोकाचं हत्यार) जोडावरून फिरवली, तोंडाने ‘पुन्हा कर’ म्हटलं आणि रोबोने केलं. कीबोर्ड नाही, कोड नाही. असं असेल तर प्रोग्रामर लागणार कशाला? तिने सरळ कॉम्प्युटरला जावं का? तिचं गणित बरं आहे, फार चांगलं नाही. शिवाय ती मला म्हणते, आधी वेल्डिंग शिकवा. रोबोच वेल्डिंग करणार तर तिने ठिणग्या का झेलायच्या? आणि माझं वय ४६. मला हे यंत्र जमेल का, तेही सांगा. (एक पालक)

नमस्कार,

तुम्ही पाहिलंत त्यात फसवाफसवी नव्हती. हात धरून शिकवणं आणि बोलून सांगणं, दोन्ही आज चालतं. फक्त प्रात्यक्षिकाचा तुकडा जिगमध्ये, म्हणजे तो पकडून धरणाऱ्या साच्यात, आधीच नीट बसवलेला असतो, टॉर्चचं वजन रोबोला आधीच सांगून ठेवलेलं असतं आणि करंट-व्होल्टेज कोणीतरी आदल्या दिवशी जुळवलेलं असतं. तुमच्यासमोर झालं ते शेवटचं पाच मिनिटांचं काम. मुलीला पगार मिळेल तो त्याच्या आधीच्या कामाचा.

हात धरून शिकवायची पद्धत नवीही नाही. नॉर्वेमधली ट्राल्फा ही कंपनी हातगाड्या बनवायची. गाड्या रंगवायला माणसं मिळेनात, म्हणून साठच्या दशकात तिने स्वतःसाठी रंग फवारणारा रोबो तयार केला आणि १९६९ पासून तो बाहेरही विकला. कसबी रंगाऱ्याने यंत्राच्या टोकाची गन धरून एक नग रंगवायचा, ती हालचाल चुंबकीय टेपवर उतरायची आणि रोबो तीच हालचाल पुन्हा पुन्हा करायचा. कोड कुठेच नव्हता. म्हणजे ‘आता प्रोग्रामर कशाला’ हा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता. पण त्या रोबोला चांगला रंगारी लागायचाच. रंगाऱ्याचा हात एका कोपऱ्यात रेंगाळला, तर पुढच्या प्रत्येक नगावर त्याच कोपऱ्यात रंग ओघळणार. यंत्राला बरंवाईट कळत नव्हतं, आजही फारसं कळत नाही.

मग मधल्या काळात टीच पेंडंट, म्हणजे रोबोला शिकवायचा बटणांचा हातातला पॅनेल, का आला? मोठा रोबो हाताने ढकलता येत नाही म्हणून. पेंडंटबरोबर प्रत्येक कंपनीची वेगळी भाषा आली: कुकाची केआरएल, एबीबीची रॅपिड, फानुकची कॅरेल. पुढे हलके, माणसाशेजारी काम करू शकणारे कोबॉट आले. डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्सने पहिला कोबॉट २००८ मध्ये विकला. कुकाने २०१३ मध्ये आणलेल्या एका रोबोच्या सातही सांध्यांत बळ मोजणारे सेन्सर होते. त्यामुळे हात धरून शिकवणं पुन्हा सोपं झालं, तेच तुम्ही पाहिलंत.

आता त्या हाताच्या आत काय चालतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण मुलीच्या नोकरीचं उत्तर तिथेच आहे. रोबोचा हात ढकलताना हलका लागतो, पण तो हलका नसतो. प्रत्येक सांध्याची मोटर त्या क्षणी हाताचं वजन बरोबर तोलून धरत असते आणि तुम्ही लावलेल्या जास्तीच्या बळालाच वाट देते. हा हिशेब जमायला टोकाच्या टॉर्चचं वजन किती आणि ते वजन नेमकं कुठे केंद्रित आहे, हे रोबोला माहीत असावं लागतं. आकडा चुकला की हात सोडल्यावर तो आपोआप खाली सरकतो किंवा वर चढतो. टॉर्चची जाड केबल एका बाजूला ओढत असेल तर तीही हिशेबात गोंधळ घालते. ‘रोबो बिघडला’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत असले प्रकार बरेच असतात आणि ते ओळखणारं माणूस सेटिंगच्या एका पानावर काम संपवतं.

दुसरी अडचण माणसाच्या हाताची. स्थिर हातही सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा बारीक थरथरतो. तुमच्या डोळ्यांना ते दिसत नाही, पण सगळा मार्ग जसाच्या तसा नोंदवला तर त्या थरथरीसकट नोंदवला जातो. म्हणून वेल्डिंगसाठी बहुधा पूर्ण मार्ग न नोंदवता मोजके बिंदू घेतात: सरळ जोडाला सुरुवात आणि शेवट, कमानीला तीन बिंदू. मधली रेघ रोबो स्वतः आखतो. बिंदू कुठे घ्यायचा, तिथे टॉर्चचा कोन किती ठेवायचा, वितळून जोड भरणारी तार टॉर्चच्या नळीबाहेर किती असावी, जवळच्या क्लँपला धडकू नये म्हणून आत कुठून शिरायचं, हे शिकवणाऱ्याने ठरवायचं असतं. यातलं निम्मं ज्ञान तुमच्या मनगटात आहे आणि अर्धं तुमच्या मुलीच्या पुस्तकात.

मग दुसरा नग येतो. पत्रा किंचित वेगळा कापलेला, फट थोडी जास्त, पहिल्या बीडच्या (वेल्डिंगच्या ओळीच्या) उष्णतेने तुकडा जरा वाकलेला. तुम्ही असता तर न बोलता हात सावरला असता. शिकवलेले बिंदू मात्र जागचे हलत नाहीत आणि १.२ मिलिमीटरची तार जोडावरून अर्धा-पाऊण मिलिमीटर सरकली तरी एक बाजू नीट वितळत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. याला उपाय आहेत: वेल्डिंगआधी तारेचं टोक तुकड्याला टेकवून त्याची जागा शोधणं, किंवा टॉर्च डोलवताना करंटमध्ये होणाऱ्या चढउतारावरून जोडाचा मध्य ओळखत जाणं. हे रोबोकडून करून घेण्याला मी प्रोग्रामिंग म्हणतो. कोड टाइप करणं हा त्यातला छोटा भाग आहे आणि तो दिवसेंदिवस आणखी छोटा होईल. त्या भागापुरतं तुमचं म्हणणं बरोबरच आहे.

बोलून सांगण्याकडे येऊ. १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात टेरी विनोग्राड यांनी असा प्रोग्राम लिहिला होता, की साध्या इंग्रजीत सांगितलं तर तो संगणकातल्या आभासी ठोकळ्यांची उचलठेव करायचा. ते जमलं, कारण त्याचं जग ठोकळ्यांपुरतंच होतं. कारखान्यातही बोलणं तिथेच छान चालतं जिथे शब्द थोडे आणि ठरलेले असतात: ‘बिंदू नोंदव’, ‘पुन्हा कर’, ‘वेग कमी’. दोन्ही हात टॉर्चवर असताना पेंडंटकडे न जाता हे म्हणता येणं ही मोठीच सोय आहे. पण ‘जरा डावीकडे घे’ म्हणून पाहा. डावीकडे म्हणजे कोणाच्या? तुमच्या, रोबोच्या पायाच्या, की टॉर्चच्या? रोबोसाठी या तीन वेगळ्या दिशा आहेत. आणि ‘जरा’ म्हणजे एक मिलिमीटर की दहा? शेजारी ग्राइंडर चालू असेल तर शब्द नीट पोचेल याचीही खात्री नाही.

हल्लीच्या मोठ्या भाषा-मॉडेलांमुळे (माणसाची भाषा समजणाऱ्या चॅटजीपीटीसारख्या प्रोग्राममुळे) सैल बोललेलंही बऱ्यापैकी कळू लागलं आहे. गूगलने २०२२ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये या दिशेचे प्रयोग जाहीर केले. बोललेल्या वाक्यातून रोबोसाठी प्रोग्रामचा मसुदा तयार होतो, तो अनेकदा चांगलाही असतो. मात्र त्या मॉडेलला तुमच्या टेबलावरचा क्लँप दिसत नसतो. मसुदा तपासून, हळू वेगात चालवून पाहून ‘हे ठीक आहे’ असं म्हणणारं माणूस लागतंच. त्या माणसाला प्रोग्राम वाचता येत नसेल तर तो काय तपासणार?

थांबवण्याचं काम आवाजावर सोडायचं नाही, हे मुलीने पहिल्याच दिवशी शिकावं. ‘थांब’ हा शब्द सोयीला चालेल, पण लाल बटण आणि त्याची वेगळी विश्वासार्ह यंत्रणा हवीच. शिकवताना हातात धरायचं बटणही गमतीशीर असतं: अर्धं दाबलेलं असतानाच रोबो हलतो. सोडलं तर थांबतो आणि घाबरून घट्ट आवळलं तरीही थांबतो, कारण घाबरलेलं माणूस यांपैकी काहीही करू शकतं. हाताने हळू शिकवण्याच्या मोडमध्ये रोबोच्या टोकाचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या आत ठेवतात. आयएसओ १०२१८ ही रोबोंच्या सुरक्षिततेची मुख्य मानकं २०२५ मध्ये नव्याने आली, त्यांत माणसाशेजारी चालणाऱ्या रोबोंचे नियमही सामावले आहेत. या विषयाकडे कॉलेजात फार दुर्लक्ष होतं असं माझं मत आहे. कोबॉटचा हात अंगाला लागल्यावर थांबत असेल, पण त्याच्या टोकाला पेटता आर्क, म्हणजे वेल्डिंगची विजेची ज्योत, असेल तर त्या हाताच्या सौम्यपणाचा उपयोग काय? डोळ्यांना चकाकी, धूर आणि तापलेली तार तशीच राहते. प्रत्येक जागी असा विचार करून धोक्याचा आराखडा लिहू शकणाऱ्या मुलांना इंटिग्रेटर कंपन्या शोधत असतात. इंटिग्रेटर म्हणजे रोबो विकत घेऊन जिग, टॉर्च, कुंपण, पीएलसी (यंत्रं चालवणारा कारखान्यातला छोटा संगणक) यांसह चालू सेल, म्हणजे रोबोची कामाची पूर्ण जागा, उभी करून देणारे.

त्यामुळे कॉम्प्युटरला जावं का, याला माझं उत्तर नाही. निदान या भीतीपोटी तरी नाही. ज्या कामात फक्त कोड आहे तिथेच यंत्राने लिहिलेला कोड आधी शिरणार. तिने मेकॅनिकल पूर्ण करावं आणि सोबत पीएलसी, सेन्सर, थोडी पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकावी. माणसाने दाखवलेल्या मोजक्या हालचालींवरून रोबो स्वतः नवी हालचाल कशी बनवेल, या संशोधनात तिला पुढे रस वाटला तर मात्र गणित वाढवावं लागेल: मॅट्रिक्स, संभाव्यता, नियंत्रणशास्त्र, आणि पदवी-पदव्युत्तर शिक्षणही. कारखान्यातल्या कामाला त्रिकोणमिती, सदिश आणि अवकाशात वस्तू कशी फिरते याची पक्की कल्पना पुरते. ‘बरं’ गणित त्याला चालतं, सरावाची तयारी असली म्हणजे झालं.

एक फरक तिच्या लक्षात आणून द्या. मोटारींच्या मोठ्या कारखान्यांत शेकडो रोबो रांगेत असतात. तिथे सहसा कोणी हात धरून शिकवत बसत नाही, प्रोग्राम आधी संगणकातल्या सिम्युलेशनमध्ये बनतात आणि मग जागेवर बारीक जुळवणी होते. हात आणि आवाजाची पद्धत मुख्यतः तिथे फोफावेल जिथे नग थोडे आणि रोज वेगळे. दोन्हीकडे काम आहे, स्वभाव वेगळा लागतो. तासन्तास पडद्यासमोर बसणं तिला आवडतं की हातात तुकडा घेणं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

कोर्सच्या फीबद्दल. पैसे भरण्याआधी तिने तिथे जाऊन विचारावं की खऱ्या रोबोवर एका विद्यार्थ्याला किती तास मिळतात, की एक जण चालवतो आणि बाकीचे बघतात. रोबोच्या टोकाला खरं हत्यार असतं की नुसतं पेन? धडक झाल्यावर रोबो पुन्हा जागेवर कसा आणायचा हे करून घेतात का? फक्त एका कंपनीच्या पेंडंटवरची बटणं शिकवत असतील तर एवढी मोठी फी देऊ नका. तो भाग पुढे नोकरीतही शिकवला जातो. तोवर तिने युनिव्हर्सल रोबोट्सचे ऑनलाइन धडे करावेत, ते आणि त्यांचा सिम्युलेटर दोन्ही मोफत आहेत. महिनाभर ते करूनही आवड टिकली तर मग कोर्सचा विचार करा.

वेल्डिंग मात्र तिला शिकवाच आणि कोर्सच्या आधी शिकवा. तिला तुमच्याइतकं सफाईदार यावं अशी अपेक्षा नको. बीड बघून करंट जास्त होता की हात हळू होता, हे तिला ओळखता आलं पाहिजे. आर्कचा आवाज बिघडला की तिचा कान टवकारला पाहिजे. हेल्मेट, हातमोजे, धुराची काळजी यांत सूट देऊ नका, पण ‘मुलगी आहे’ म्हणून हात आखडताही घेऊ नका. शिकवताना ती तुम्हाला ‘का’ म्हणून विचारेल, तेव्हा ‘अंदाजाने’ असं उत्तर देऊ नका. तुम्ही कोपऱ्यावर वेग का वाढवता, कोन का बदलता, हे शब्दांत सांगायचा प्रयत्न करा आणि तिला लिहून ठेवू द्या. रोबोच्या सेटिंगमध्ये हेच आकडे होऊन भरावे लागतात.

आणि तुमचं स्वतःचं. वेल्डिंगचे कोबॉट मुळात वेल्डरने चालवावेत अशाच हेतूने विकले जातात, ४६ हे काही उशिराचं वय नाही. हात धरून बिंदू घेणं तुम्हाला लवकर जमेल. पेलोड (टोकाच्या हत्याराचं वजन) आणि अक्षांची (दिशांची) सेटिंग सुरुवातीला जड जाईल, ती दोन-चारदा करून पाहिल्याशिवाय डोक्यात बसत नाहीत. तुमच्या कारखान्याने ते यंत्र घेतलं तर पुरवठादार सोबत प्रशिक्षण देतो का ते विचारा. देत असेल तर तिथे कोणाला पाठवायचं हे ठरायच्या आत सुपरवायझरकडे जाऊन तुमचं नाव सांगा. सहसा कॉम्प्युटर येतो म्हणून एखाद्या नव्या पोराला पाठवतात आणि मग बीड का बिघडली हे कोणालाच सांगता येत नाही.