ओडिसी म्हणजे प्रवास?

प्रश्न असा आला आहे: 'निर्वासितांची ओडिसी' किंवा 'एका संशोधकाची ओडिसी' असे मथळे वाचायला मिळतात. मग ओडिसी हा 'लांबचा प्रवास' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे का? आणि मराठीत त्याला काय म्हणावं?

नाही, तो प्रवासवाचक शब्द नाही. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या नावावर असलेल्या 'ओडिसी' या महाकाव्याचं ग्रीक नाव 'ओडिसेइआ', म्हणजे ओडिसिअसची कथा, बस. ओडिसिअस हा इथाका बेटाचा राजा, ट्रॉयच्या युद्धाहून घरी परतणारा. इलियनचं, म्हणजे ट्रॉयचं, काव्य ते इलियड, त्याच चालीचं. नावात समुद्र नाही की वाट नाही. खडतर प्रवासाचा अर्थ पुढे फार उशिरा युरोपीय भाषांतून त्याला चिकटला, आणि आपल्याकडे तो इंग्रजीतून आला.

गंमत म्हणजे आपल्याकडे नेमकं उलटं झालंय. 'रामायणा'त अयन आहे, म्हणजे जाणं, मार्ग. पण 'तिने सगळं रामायण ऐकवलं' म्हणताना कुणाच्या मनात प्रवास नसतो, लांबलेली हकिगतच असते. ज्याच्या नावात चालणं होतं त्याची हकिगत झाली आणि ज्याच्या नावात नुसता माणूस होता त्याचा प्रवास झाला.

खुद्द काव्यातही प्रवास वाटतो त्यापेक्षा कमी आहे. ट्रॉयचं युद्ध 10 वर्षांचं, घरी पोचायला आणखी 10. पण त्यातली 7 वर्षं हा गडी कॅलिप्सो या अप्सरेच्या बेटावर अडकून पडलेला, एक वर्ष सर्सी या जादूगारणीकडे. एकाक्ष राक्षस, गाणाऱ्या सायरेनी वगैरे जे सगळ्यांना पाठ असतं ते 24 पैकी 9 ते 12 या सर्गांत येतं, तेही ओडिसिअस परक्या राजाच्या दरबारात स्वतः सांगतो म्हणून. 13व्या सर्गात तो इथाकाच्या किनाऱ्याला लागतो, आणि तेव्हा चक्क झोपलेला असतो! उरलेलं जवळजवळ अर्धं काव्य घरच्या मातीवर घडतं. (राम पुष्पकातून परतला. याला ती सोय नव्हती.)

ओडिसिअस या नावाची व्युत्पत्ती काव्यातच दिली आहे, 19व्या सर्गात. दाई युरिक्लिया तान्ह्या बाळाला आजोबांच्या, ऑटोलिकसच्या, मांडीवर ठेवते आणि म्हणते, आता तुम्हीच नाव शोधा. आजोबा म्हणजे नाणावलेला चोर. तो म्हणतो, मी येताना बऱ्याच जणांशी 'ओडिसामेनोस' होऊन आलोय, तेव्हा याचं नाव ओडिसिअस. त्या शब्दाचा अर्थ 'राग धरलेला', पण राग त्याने धरला की लोकांनी त्याच्यावर, हे मोघमच राहतं. भाषाशास्त्रज्ञ ही फोड मनावर घेत नाहीत. जुन्या ग्रीक भांड्यांवर हेच नाव 'ड'ऐवजी 'ल' घालून लिहिलेलं सापडतं, म्हणून ते मुळात ग्रीक नसावंच असं बरेच जण मानतात. लॅटिन 'उलिक्सेस' आणि पुढचा 'युलिसिस' याच 'ल'च्या घरातले.

परतीच्या प्रवासाला ग्रीकांचा खरा शब्द होता 'नोस्टोस'. ट्रॉयहून सुखरूप घरी परतणं म्हणजे नोस्टोस. त्याला वेदना या अर्थाचा 'अल्गोस' जोडून योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने 1688 मध्ये बाझेलला 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडवला, तो घरच्या ओढीने जडणाऱ्या आजाराचं नाव म्हणून. आज आपण जुनी गाणी ऐकून जे म्हणतो ते पुष्कळच सौम्य आहे.

आता मराठी प्रतिशब्द. एकच शब्द सगळीकडे चालणार नाही. निर्वासितांच्या बाबतीत 'वणवण' किंवा 'परवड' कितीतरी नेमकं, कारण त्यांना परतायला घरच उरलेलं नसतं. संशोधकासाठी 'वाटचाल' पुरे. कचेरीतल्या खेपांना 'हेलपाटे' आहेच, तिथे ओडिसी आणू नये. शेवटी घर असेल तिथे मी 'परतीचा प्रवास' म्हणेन. 'घरवापसी' आता राजकारणाने घेतला आहे. काव्याचं नाव मात्र 'ओडिसी'च ठेवावं. 'ओडिशी' नृत्याशी त्याचा संबंध नाही, तो शब्द ओडिशावरून आला.